देव बदलत नसेल तर साखळी प्रार्थना कशासाठी?

घणसोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची आई कर्करोगाने गेली. शेवटचे सहा आठवडे मंडळीने साखळी प्रार्थना धरली होती. दिवसरात्र अर्ध्या-अर्ध्या तासाचे वाटे, त्यात रात्री तीनचा वाटा ताईंचा. आई जागी असली की विचारायची, "आता कोणाचा वाटा चाललाय?" आई गेल्यावर भेटायला आलेले एक वडीलधारे म्हणाले, "देवाचं आधीच ठरलेलं असतं, पोरी. तो बदलत नाही." त्यावर ताई लिहितात: "तो बदलत नाही, तर मी रात्री तीनला उठून काय करत होते? आणि माझ्या उठण्याने काही होणार होतं, तर तो बदलत नाही हे कसं?"

ताई, तुम्ही सांत्वन मागितलेलं नाही, हिशेब मागितलाय. तोच द्यायचा प्रयत्न करतो. ठाण्यात तीस वर्षं पाळकाचं काम केलं, त्यात हा प्रश्न मला बहुतेक वेळा स्मशानभूमीतून परतताना, रिक्षात, अर्धवट विचारला गेला. आणि मी त्याची वाईट उत्तरं दिली आहेत. पाळक होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, कळव्यातल्या एका घरात तरुण मुलगा गेला होता. मी त्याच्या वडिलांना म्हणालो, "आपला विश्वास कुठेतरी कमी पडला." मी 'आपला' म्हणालो खरं, पण मला 'तुमचा' म्हणायचं होतं हे त्या माणसाने बरोबर ओळखलं. पुढे चार वर्षं ते उपासनेला आले नाहीत. तुमच्याकडच्या त्या वडीलधाऱ्यांचं वाक्य माझ्या त्या वाक्यापेक्षा बरं आहे. निदान ते शास्त्राला धरून आहे. फक्त चुकीच्या दिवशी आणि अर्धंच सांगितलं गेलं.

प्रश्न जुना आहे, अगदी या शब्दांत जुना. तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाच्या आचार्यांना त्यांच्या अ‍ॅम्ब्रोस नावाच्या मित्राने हेच लिहून विचारलं होतं: देवाला पुढचं सगळं माहीत आहे आणि ते घडणारच आहे, तर प्रार्थना व्यर्थ नाही का? ओरिजेन यांनी त्यावर प्रार्थनेविषयी एक अख्खा ग्रंथ लिहिला. म्हणजे असा प्रश्न पडणं ही अविश्वासाची खूण असेल, तर मंडळी अठराशे वर्षं ती खूण मिरवते आहे.

आधी 'देव बदलत नाही' म्हणजे काय ते पाहू, कारण गोंधळ तिथेच आहे. मलाखी संदेष्टा म्हणतो, परमेश्वर बदलणारा नाही. याकोबाच्या पत्रात म्हटलंय, त्याच्या ठायी फिरण्याची सावलीसुद्धा नाही. हे ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे दगड येतो. हलत नाही, ऐकत नाही, ओला होत नाही. पण मलाखीचं ते वचन पुरतं वाचा. तो बदलत नाही, *म्हणूनच* याकोबाचे वंशज, म्हणजे इस्राएल लोक, नष्ट झाले नाहीत, असं तिथे आहे. न बदलणं हा तिथे धाक नाही, माणसं वाचण्याचं कारण आहे. त्याने जे प्रेम धरलं ते तो सोडत नाही, एवढा त्याचा अर्थ.

आता उलटं धरून बघा. देव बदलणारा असता तर प्रार्थना कशी झाली असती? ती आपल्याला चांगली ठाऊक आहे. कुठल्याही कचेरीत दाखल्यासाठी खेटे घातलेत ना? आधी शिपायाला विचारायचं, "साहेबांचा मूड कसा आहे आज?" मूड बरा असेल तर अर्ज पुढे करायचा, नसेल तर उद्या. कोणाची ओळख निघते का बघायचं. साहेब बदलून गेले की पहिल्यापासून सुरुवात. कर्मेल डोंगरावर बआल नावाच्या दैवताचे संदेष्टे हेच करत होते: सकाळपासून दुपारपर्यंत ओरडले, नाचले, स्वतःला कापून घेतलं. परमेश्वराचा संदेष्टा एलीया याने त्यांची थट्टा केली की तुमचा देव कुठे गावाला गेला असेल, झोपला असेल, जरा मोठ्याने हाक मारा. मग त्याची स्वतःची प्रार्थना झाली ती जेमतेम दोन ओव्यांची. ज्याची मर्जी फिरवावी लागत नाही त्याच्याशी थोडक्यात बोलता येतं.

लूकच्या शुभवर्तमानातली विधवा आणि अन्यायी न्यायाधीश यांचा दाखला आपल्याकडे सर्रास उलटा सांगितला जातो. बाईने चिकाटी धरली, न्यायाधीश वैतागला, निकाल दिला. म्हणून तुम्हीही देवाच्या मागे लागा, तो कंटाळून देईल! साखळी प्रार्थनेच्या सुरुवातीला हा उपदेश मी किती वेळा ऐकलाय. चिकाटी धरा हे प्रभू सांगतातच, पण त्या चिकाटीचा आधार वेगळा आहे: असला न्यायाधीशसुद्धा देतो, तर देव किती अधिक देईल. देवाची त्या न्यायाधीशाशी तुलना केलेली नाही, फरक दाखवलाय.

तुम्ही शास्त्र वाचणाऱ्या आहात, तेव्हा म्हणाल, जुन्या करारात देवाने मन बदलल्याचे उल्लेख आहेत त्यांचं काय? आहेत, आणि ते गुंडाळून ठेवू नयेत. पहिल्या शमुवेलाचा पंधरावा अध्याय उघडा. शौलाला राजा केल्याचं देवाला वाईट वाटलं, असं त्यात दोनदा आहे, अकराव्या आणि पस्तिसाव्या ओवीत. आणि मधेच, एकोणतिसाव्या ओवीत, देव काही माणूस नाही की त्याने पस्तावावं. एकाच अध्यायात! लिहिणाऱ्याला विसंगती कळली नसेल असं समजणं हा आपलाच भोळेपणा. तिन्ही ठिकाणी मूळ हिब्रू क्रियापद एकच आहे, 'नाहम'. त्याच्या पोटात खेद आहे, कळवळा आहे, सांत्वनही आहे. नहूम संदेष्ट्याचं नाव त्याच धातूचं. शौल बिघडला याचं देवाला दुःख होतं. पण त्या दुःखाने त्याचा शब्द मागेपुढे होत नाही. बाप मुलाच्या वागण्याने व्याकूळ होतो म्हणून बाप असणं सोडत नाही, तसं काहीसं.

योना संदेष्ट्याची गोष्ट तर याहून स्पष्ट. चाळीस दिवसांत निनवे शहर धुळीला मिळणार, एवढंच तो ओरडत फिरला. त्या वाक्यात 'जर' नाही. निनवेकरांनी गोणपाट नेसलं, उपास केला आणि देवाने अरिष्ट आणलं नाही. बदलला ना? योनाला विचारा. तो चिडून म्हणतो, मला माहीतच होतं तू असं करणार, तू दयाळू आहेस, म्हणून तर मी पळालो होतो! देव बदलणार नाही याची त्याला इतकी खात्री होती की तो उलट दिशेच्या जहाजात बसला. बदललं ते निनवे. आणि इशारा देण्यामागे तोच हेतू होता. यिर्मया कुंभाराच्या घरी जातो त्या अठराव्या अध्यायात हा नियम उघड सांगितलाय, की एखाद्या राष्ट्राविषयी मी नाशाचं बोललो आणि ते वळलं तर मी ते अरिष्ट आणत नाही.

आता तुमच्या पहिल्या अर्ध्या प्रश्नाकडे. त्याला सगळं ठाऊक असताना सांगायचं कशाला?

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू म्हणतात, तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा तुमच्या पित्याला माहीत आहेत. आपण असतो तर पुढे म्हणालो असतो, "म्हणून मागू नका." ते पुढच्याच ओवीत म्हणतात, म्हणून अशी प्रार्थना करा, आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' शिकवतात. त्यात भाकरीसुद्धा मागायला लावतात.

आपल्याकडे म्हणतात, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. मी लहानपणी ही म्हण ऐकली तेव्हा मला त्यात आईवर आरोप वाटायचा. मग आमची थोरली झाली आणि एकदा मी घरात ते जवळून पाहिलं. बाळ पाळण्यात नुसतं कुरकुरलं, अजून नीट रडलंही नव्हतं. बायको स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, हाताला पीठ. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "धर गं बाई, आले," आणि तिच्या पदराला ओल आली होती. रडं ऐकून पान्हा फुटतो. बाळाच्या रडण्याने आईचं मन बदललं का? नाही, ती आधीपासून आईच होती. मग रडणं निरुपयोगी होतं का? तेही नाही. दूध आणि रडणं एकमेकांसाठी लावून दिलेलं आहे. यशयात देव स्वतःविषयी बोलताना अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईचीच उपमा घेतो, आणि वर म्हणतो, एखादे वेळी ती विसरेल, मी विसरणार नाही.

तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी हेच काटेकोर भाषेत मांडलं. देवाचं ठरलेलं बदलावं म्हणून आपण प्रार्थना करत नाही. जे प्रार्थनेच्या वाटेनेच मिळायचं असं त्याने ठरवलंय ते मिळावं म्हणून करतो. म्हणजे देवाने फक्त 'काय' ठरवलेलं नसतं, 'कसं' हेही ठरवलेलं असतं. पीक ठरवलं तर पेरणीही ठरवली. जूनमध्ये शेतकरी असं म्हणत नाही की देवाने पीक ठरवलंच असेल तर ते येईल, मी बियाणं घरात ठेवतो. 'आधीच ठरलेलं असतं' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ठरलेल्या गोष्टींतून तुमचा तीनचा वाटा वगळला. तो का वगळायचा? ठरलं असेल तर तोही ठरलेल्यात होता. पुढे सतराव्या शतकात फ्रेंच विचारवंत पास्काल यांनी यात आणखी एक गोड गोष्ट पाहिली: देवाने प्रार्थना नेमली ती माणसाला 'कारण' होण्याचा मान मिळावा म्हणून. तो एकट्याने सगळं करू शकतो, पण लेकरांचा हात लावून घेतो.

एक जुना दृष्टांत प्रवचनांत फार चालतो, त्याविषयी बोललं पाहिजे. डायोनिसियस नावाने लिहिणाऱ्या एका प्राचीन लेखकाचा तो आहे. होडीतला माणूस किनाऱ्यावरच्या खडकाला बांधलेला दोर ओढतो. खडक होडीकडे येत नाही, होडी खडकाकडे जाते. प्रार्थना म्हणजे तो दोर. बेलापूरला दिवाळ्याच्या कोळीवाड्यात मी हे एकदा बघत उभा होतो. ओहोटी लागलेली, खाडीचा काळा चिखल उघडा पडायला लागलेला, आणि एक म्हातारे कोळीबाबा दोर हातावर गुंडाळत होडी धक्क्याला आणत होते. ओढ, थांब, दम घे, पुन्हा ओढ. दोर ताणला की त्यातून पाणी निथळायचं. धक्का अर्थातच जागचा हलला नाही. आणि तो हलला नाही हेच बरं होतं. धक्का सैल असता तर ओढून काय झालं असतं? पाण्यावर तरंगणाऱ्या दुसऱ्या होडीला दोर बांधून कोणी किनाऱ्याला लागत नाही.

दृष्टांत सुंदर आहे, पण तो एकटाच सांगितला तर मला खटकतो. कारण त्यातून निघतं की प्रार्थनेने फक्त मी बदलतो, बाहेर काही होत नाही. मग ती मनाची कसरत झाली, त्यासाठी देव कशाला हवा? याकोब रोखठोक लिहितो: तुम्हाला मिळत नाही कारण तुम्ही मागत नाही. हिज्कीया राजाला यशयाने येऊन सांगितलं होतं की तू मरणार. तो भिंतीकडे तोंड करून रडला आणि त्याला 15 वर्षं मिळाली. दोर खरा आणि पान्हाही खरा. दोन्ही हातात ठेवावे लागतात.

'आधीच' या शब्दाचीही थोडी झडती घ्यायला हवी. पूर्वी आपण फास्ट लोकलने कळव्याच्या पुढे पारसिकच्या बोगद्यात शिरायचो, 1.3 किलोमीटर काळोख, खिडकीत स्वतःचाच चेहरा. आतल्याला मागचं गेलेलं आणि पुढचं न आलेलं. वर डोंगरावर उभा असलेल्याला कळव्याची बाजू आणि मुंब्र्याची बाजू एकाच नजरेत येते. देव काळाच्या डब्यात आपल्यासोबत बसलेला नाही, असं सहाव्या शतकात रोमन तत्त्वज्ञ बोएथियस यांनी तुरुंगात बसून लिहिलं. तुमची तीनची प्रार्थना आणि आईचा शेवटचा श्वास त्याच्यापुढे एकदमच आहेत. त्याने आधी निकाल लिहून ठेवला आणि मग तुमचा अर्ज आला, असा क्रम तिथे नाही. भविष्य देवालाही मोकळंच आहे, तो आपल्याबरोबर पुढे शिकत जातो, असं मानणारे ख्रिस्ती अभ्यासकही आहेत. गेल्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत त्यांचं बरंच ऐकू आलं. त्यांचा कळवळा मला समजतो. पण रुग्णाच्या उशाशी उभं राहून मला असा देव नको, ज्यालाही पुढे काय होईल याची धाकधूक आहे.

आता सर्वांत अवघड जागा. पान्हा, पेरणी सगळं ठीक, पण आई गेली.

1321 साली याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डानस नावाचा डॉमिनिकन संन्यासी तेव्हा भडोचकडे गेलेला असल्याने वाचला, आणि त्याच्या पत्रांमुळे ही हकिगत युरोपात पोहोचली. मासुंद्याच्या पाळीवर संध्याकाळी फिरताना मला हे पाच जण आठवतात. स्तोत्रं तीच, प्रार्थनेच्या वेळा त्याच, बोटही एकच. चौघे गेले, एक राहिला. त्या एकाची प्रार्थना जास्त पोचली असं म्हणायची त्याची स्वतःची हिंमत झाली नसती. प्रार्थनेची किंमत निकालावरून लावता येत नाही हे मी पुस्तकात वाचलं होतं. पटलं ते या गावातल्या गोष्टीने.

आणि गेथशेमाने आहेच, येशूने धरला जाण्याआधीच्या रात्री जिथे प्रार्थना केली ती बाग. ज्याच्या नावाने आपण मागतो, त्याचंच मागणं तिथे नाकारलं गेलं. प्याला टळला नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं, काटा राहिला. तेव्हा 'उत्तर मिळालं नाही म्हणजे विश्वास कमी' हे वाक्य बोलणाऱ्याने आधी बागेत जाऊन ते येशूला ऐकवावं. मीही त्यात आलो.

गेथशेमानेविषयी एक बारीक गोष्ट सांगतो, कारण आपल्या मंडळ्यांत ती हरवलीय. प्रभूंनी 'माझी इच्छा नको, तुझी होवो' हे *नंतर* म्हटलं. आधी 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' असं उघड, घाम गाळत, तीन वेळा मागितलं. आपण काय करतो? पहिल्या वाक्यातच 'प्रभू, तुझी इच्छा असेल तर' घालून टाकतो. तो नम्रपणा वाटतो, पण बऱ्याचदा ती देवाला काढून दिलेली पळवाट असते आणि स्वतःला केलेली तरतूद: नाही मिळालं तर मी कुठे मागितलं होतं! तुम्ही तीनला उठून 'आईला बरं कर' एवढंच म्हणत असाल, तर तुमची प्रार्थना कच्ची नव्हती. ती बागेतल्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग होती, आणि तो टाळून दुसऱ्या अर्ध्यावर जाता येत नाही.

मग तीन वाजता नक्की काय होत होतं? पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या आईच का गेल्या, शेजारच्या खाटेवरची बाई घरी का गेली, हे मला दाखवता येत नाही आणि दाखवतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. पण काही गोष्टी दिसतात. 410 साली रोम लुटलं गेल्यावर प्रोबा नावाची श्रीमंत विधवा आफ्रिकेत आश्रयाला आली. प्रार्थना कशी करावी हे तिने तिथले बिशप ऑगस्टीन यांना विचारलं. त्यांचं उत्तराचं पत्र आजही वाचता येतं. त्यातला गाभा असा की देवाला आपली इच्छा कळवायची नसते. मागता मागता आपली इच्छा मोठी होते, आणि तो जे देणार आहे ते मावायला जागा होते. घोडबंदर रोडवर टँकर येतो तेव्हा पाणी सगळ्यांसाठी तेवढंच असतं, पण कोणी तांब्या घेऊन उभा असतो आणि कोणी पिंप. सहा आठवडे रोज तीनला उठून तुमचं भांडं किती मोठं झालं, हे तुम्हाला आत्ता दिसणार नाही, कारण ते आत्ता रिकामं आहे आणि रिकामेपणच दिसतं.

आणि दुसरी गोष्ट तुम्हीच लिहिलीत, बहुधा नकळत. आई विचारायची, आता कोणाचा वाटा चाललाय. म्हणजे रात्री दुखण्याने डोळा लागत नव्हता तेव्हा त्या बाईला ठाऊक असायचं की ऐरोलीत कोणीतरी जागं आहे, कोपरीत कोणीतरी जागं आहे, आणि माझं नाव आत्ता देवापुढे घेतलं जातंय. बरं होणं मागितलं होतं, ते मिळालं नाही. एकटं मरू नये हे कोणी मागितलंही नसेल, ते मिळालं. याने हिशेब पुरा होत नाही. पण या ओळीशिवाय तो खोटा होतो.

शेवटी तुम्ही विचारलंत, आता प्रार्थनेला बसले की तोंडातून शब्द फुटत नाही, काय करू. काही करू नका. पौल रोमकरांना लिहितो, कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. कण्हण्यानेच, वाक्यांनी नाही. जमलं तर प्रभूची प्रार्थना एकदा म्हणा, अर्ध्यावर अडकलात तर तिथेच थांबा. आई गेल्यावरही मोबाईलचा तीनचा गजर रोज वाजतो आणि तो काढून टाकायला हात होत नाही, असं लिहिलंय. राहू दे. वाजला की कूस बदला आणि झोपा. सध्या तुमचा वाटा आमच्याकडे आहे. शुक्रवारच्या सभेत मी तुमचं नाव न घेता तो लावून घेतलाय, तीन ते साडेतीन.